चाकण ते मालदीव : एका खासगी विमानप्रवासाच्या डॉक्टरी नोंदी

चाकणला विमानतळ होणार, होणार असे ऐकत माझ्या व्यवसायाची बहुतेक वर्षे सरली. १९९८ साली मी तळेगाव चौकाजवळ दवाखाना उघडला, तेव्हा हे गाव कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी झुंजवलेल्या संग्रामदुर्गासाठी ओळखले जाई. पुढे मोटारींचे मोठमोठे कारखाने आले, त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणारे शेकडो लहान कारखाने आले, रस्त्यावर कंटेनरच्या रांगा आल्या. विमानतळाची चर्चा मात्र खेड-राजगुरुनगरच्या माळांवर बरीच वर्षे घुटमळली आणि अखेर पुरंदरकडे निघून गेली. त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाला, तो कामगार असो की कारखानदार, विमानासाठी आजही लोहगावच गाठावे लागते.

गेल्या फेब्रुवारीत मीही ते गाठले. माझ्यापुढे सहा आसनांचे एक छोटे जेट विमान उभे होते. त्यातून मी मालदीवला निघालो होतो. माझ्यासारख्या सामान्य एमबीबीएस डॉक्टरला ही चैन परवडणारी नाही, हे वाचकांनी ओळखले असेलच. मी सोबतीला होतो. ज्यांच्या सोबतीला होतो त्या दांपत्याच्या परवानगीने, आणि त्यांची ओळख पटू नये एवढे फेरफार करून, हे लिहीत आहे. घरात वृद्ध माणूस असताना लांबचा प्रवास ठरवणाऱ्या कुटुंबांना, विमान खासगी असो वा साधे, यातील काही गोष्टी उपयोगी पडतील.

सारा कारखाना त्यांना आप्पा म्हणतो. वय ७७. जुन्नर तालुक्यातून भोसरीत मशीन ऑपरेटर म्हणून आले, पत्र्याच्या शेडमध्ये दोन पॉवर प्रेस टाकून स्वतःचे काम सुरू केले, आणि आज चाकणला त्यांच्या मुलाच्या हाताखाली चारशे माणसे आहेत. काकू ७२ वर्षांच्या. शेडच्या काळात वॉशर मोजून पिशव्या भरणे आणि दुपारी आठ-दहा कामगारांच्या भाकरी थापणे ही दोन्ही कामे त्या करीत. त्या शेडमध्ये एका पोलाद व्यापाऱ्याने दिलेले कॅलेंडर होते. निळे पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड. काकूंनी एकदा विचारले होते, "अशी जागा खरी असते का हो?" आप्पा म्हणाले होते, "असेल, तर जाऊ." हा प्रश्न आप्पांच्या मनात पन्नास वर्षे राहिला. काकूंच्या मनात तो आता नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले.

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मुलाने ही सहल ठरवली आणि माझ्याकडे आला तो केवळ "फिट टू फ्लाय" दाखल्यासाठी. मी दाखला दिला नाही. आधी प्रश्न विचारले. लक्षद्वीप का नको, हाही त्यांतलाच एक. त्याने त्याचाही अभ्यास केला होता: तेथे प्रवेशाचा परवाना लागतो, अगत्तीची धावपट्टी सुमारे बाराशे मीटरचीच आहे, आणि गंभीर रुग्णाला शेवटी कोचीलाच हलवावे लागते. अंदमानला आप्पा सेल्युलर जेल पाहायला पूर्वीच जाऊन आले होते. मग मी विचारले, खासगी विमानच कशाला? त्याचे उत्तर मला अनपेक्षित होते. मागच्या वर्षी दिल्लीला जाताना सुरक्षा तपासणीच्या पडद्याआड परक्या बाईने अंगाला हात लावताच काकू घाबरून रडू लागल्या होत्या. रांग थांबली, लोक बघू लागले, आणि काकूंचा थरथराट दिल्लीत उतरेपर्यंत गेला नाही. मालदीवला नेहमीच्या विमानाने जायचे तर वाटेत एकदा विमान बदलणे आले, म्हणजे तीच रांग दोनदा. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, मला थाट नकोय. मला आईला गर्दीतून न्यायचं नाहीये." श्रीमंतांच्या हौशीबद्दल माझ्या मनात थोडी अढी आहे, ती मी कबूल करतो. या वाक्याने ती पुष्कळ सैल झाली. पुरती गेली नाही, कारण त्या एका फेरीच्या खर्चात माझ्या दवाखान्याचे काही वर्षांचे भाडे निघाले असते.

मात्र माझी खरी चिंता काकूंची नव्हती, आप्पांची होती. तरुणपणीच्या विड्या आणि वेल्डिंगचा धूर यांनी त्यांची फुप्फुसे कमजोर केली आहेत. दवाखान्यात शांत बसले असता त्यांच्या रक्तातील ऑक्सिजन ९४ टक्के भरतो, सहा मिनिटे चालवले की ८८ वर येतो. विमानाच्या आत आपल्याला जमिनीवरचीच हवा मिळते असा पुष्कळांचा समज असतो. तसे नसते. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर असते आणि केबिनमधील हवेचा दाब बहुधा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा इतका ठेवलेला असतो. आठ हजार फूट म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही अडीच हजार फूट वर. त्या दाबाच्या हवेतून श्वासागणिक मिळणारा प्राणवायू हा जमिनीवर २१ ऐवजी १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्याइतकाच असतो. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. ज्याची फुप्फुसे आधीच काठावर आहेत, त्याला जाणवते. आणि या बाबतीत खासगी विमान काही वेगळे नसते. उलट ही छोटी जेट विमाने बहुतेक वेळा प्रवासी विमानांहूनही उंच उडतात.

छातीविकारतज्ज्ञांकडून आप्पांची तपासणी करून घेतली. कमी ऑक्सिजनची हवा देऊन पाहण्याची एक चाचणी असते, तीही झाली. निष्कर्ष असा की प्रवास करता येईल, पण सोबत ऑक्सिजन हवा. आम्ही बॅटरीवर चालणारे लहान ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घेतले, आणि बॅटऱ्या प्रवासाच्या वेळेच्या दुपटीला पुरतील इतक्या घेतल्या. येथे मात्र खासगी विमानाचा एक फायदा मला समजला. मी कॅप्टनना फोन करून सरळ विचारले, "तुम्ही जरा खालून उडू शकाल का?" विमान जितके खाली, तितकी केबिनमधील हवा दाट ठेवता येते. इंधन मात्र अधिक जाते. त्यांनी हिशेब करून दुसऱ्या दिवशी कळवले की तीस हजार फुटांच्या आसपास राहू, म्हणजे केबिन साधारण महाबळेश्वरच्या उंचीइतकी राहील. आप्पांना महाबळेश्वर मानवते हे मला ठाऊक होते. नेहमीच्या विमानात दीडशे प्रवाशांपैकी एकासाठी अशी विनंती करता येत नाही. तेथे विमान कंपनीला आधी कळवून, डॉक्टरांचा अर्ज भरून, ऑक्सिजनची व्यवस्था करावी लागते, आणि ती तिकीट काढतानाच करावी.

विमान भाड्याने घेताना मुलाने आणखी एक शहाणपण केले. दर कमी सांगणाऱ्या दलालापेक्षा, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना ज्या कंपनीकडे आहे तिलाच त्याने काम दिले, आणि परवान्याची प्रत मागून घेतली.

निघण्याच्या दिवशी चाकणहून लोहगावला पोहोचायला आम्हांला पावणेदोन तास लागले. विमानाला मालदीवला पोहोचायला त्याहून थोडाच अधिक वेळ लागणार होता. मोशीच्या पुढे गाडी एकदा पंधरा मिनिटे जागची हलली नाही. तेव्हा मी आप्पांना गाडीतच पाय हलवण्याचे व्यायाम करायला लावले. पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका लोक फक्त विमानाला जोडतात. तो एका जागी चार-चार तास बसून राहण्याला जोडलेला आहे, मग ते बसणे कोठेही असो.

लोहगाव हा १९३९ पासूनचा हवाई दलाचा तळ. नागरी प्रवाशांचा भाग त्याला जोडलेला. खासगी विमानाच्या प्रवाशालाही तपासणी, इमिग्रेशन, कस्टम चुकत नाही. फक्त रांग नव्हती. काकूंची तपासणी करणाऱ्या महिला कर्मचाऱ्याला मुलाने आधीच आजाराची कल्पना दिली. तिने काकूंना "आजी, साडी छान आहे" म्हटले आणि मगच हात लावला. काकूंनी तिलाच आशीर्वाद दिला. असे दोन शब्द आधी बोलून ठेवणे साध्या विमानाच्या प्रवाशालाही शक्य असते. त्याला पैसे पडत नाहीत.

पुढची अडचण मात्र कोणी विचारात घेतली नव्हती. मोठ्या विमानात माणूस सरळ पुलावरून चालत जातो, चालता येत नसेल तर चाकाची खुर्ची दारापर्यंत जाते. या छोट्या विमानाला चार-पाच अरुंद, उभ्या पायऱ्या होत्या आणि आतली उंची जेमतेम पावणेपाच फूट. वाकूनच शिरायचे आणि वाकूनच बसायचे. गुडघे आणि कंबर गेलेल्या माणसाला यापेक्षा साधे विमान सोपे. काकू पहिल्या पायरीशी थांबल्या आणि हलेनात. आप्पा नाकात ऑक्सिजनची नळी लावलेले, तरी आधी वर चढले आणि दारातून म्हणाले, "अगं, शेडचा माळा आहे. ये वर, वॉशरच्या पिशव्या काढायच्यात." काकू पदर खोचून चढल्या.

स्वच्छतागृहही लहान होते. मागच्या बाजूला पडद्यासारख्या दाराआड एक आसन, एवढेच. आप्पांची लघवी वाढवणारी सकाळची गोळी मी त्या दिवसापुरती उतरल्यावर घ्यायला लावली. असा बदल कोणीही आपल्या मनाने करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. पण प्रवासाच्या भीतीने पाणीच न पिणे, जे बहुतेक ज्येष्ठ करतात, ते याहून वाईट. विमानातील हवा अतिशय कोरडी असते.

नकाशा उघडून पाहिला तर एक गंमत दिसते. पुणे आणि मालदीवची राजधानी माले ही जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. पुण्याहून सरळ दक्षिणेकडे रेघ ओढली की ती गोव्यापाशी समुद्रात उतरते, लक्षद्वीपच्या बेटांना स्पर्शून जाते, मिनिकॉयच्या खालची आठ अंशांची खाडी ओलांडते आणि सोळाशे किलोमीटरवर मालेला पोहोचते. सूर्य दोन्हीकडे एकाच वेळी माथ्यावर येतो. घड्याळ मात्र मालेचे आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, आणि कित्येक रिसॉर्ट पाहुण्यांना उजेड अधिक मिळावा म्हणून मालेच्या एक तास पुढचे स्वतःचे घड्याळ चालवतात. काकू पंधरा वर्षांच्या मधुमेही, दोन वेळा इन्सुलिन घेणाऱ्या. तीन घड्याळांच्या या गोंधळात इन्सुलिन आणि जेवण यांची फारकत होऊ नये म्हणून मी मावशींच्या मनगटावरचे घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवायला सांगितले.

मावशी म्हणजे काकूंची चोवीस तास काळजी घेणाऱ्या, परभणीकडच्या. त्यांचा हा पहिला पासपोर्ट आणि पहिले विमान. साऱ्या तयारीत त्यांना समुद्राची भीती वाटते का, हे कोणी विचारले नव्हते. मीही नाही. विमान सुटले तेव्हा त्यांनी एका हाताने काकूंचा हात धरला होता, दुसऱ्याने माझा.

आप्पांच्या बोटाला ऑक्सिमीटर होता. बसल्या जागी ९२-९३, स्वच्छतागृहापर्यंत जाऊन आले की ८९. ऑक्सिजनसकट. नेहमीच्या उंचीवरून गेलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी खिडकीबाहेर पाहत मुकाट्याने केला.

मालदीव म्हणजे सुमारे बाराशे प्रवाळबेटे. सगळी इतकी सखल, की देशातील सर्वांत उंच नैसर्गिक जागाही समुद्रसपाटीपासून अडीच मीटरच्या आतच. 'अटॉल' हा इंग्रजीत गेलेला शब्दही मूळचा येथल्या दिवेही भाषेतला. वरून पाहताना निळ्या पाण्यात हलक्या रंगाची कंकणे सांडल्यासारखी दिसतात. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कॅलेंडरवाल्यानं खोटं नव्हतं छापलं."

विमानतळही एका स्वतंत्र बेटावर आहे. तेथून रिसॉर्टला जाण्याचे मुख्य मार्ग दोन, समुद्रविमान किंवा वेगवान मोटरबोट. समुद्रविमान दिसायला सुंदर, पण आत कानठळ्या बसवणारा आवाज, तरंगत्या धक्क्यावरून चढायचे, आणि मुख्य म्हणजे ते अंधारात उडत नाही. म्हणजे दूरच्या बेटावर रात्री छातीत दुखू लागले तर सकाळची वाट पाहावी लागणार, किंवा कित्येक तासांचा बोटीचा प्रवास. म्हणून मालेपासून बोटीने पाऊण तासाच्या आतले, स्वतःचा निवासी डॉक्टर असलेले बेटच घ्यायचे ही माझी अट होती. मालेत भारताच्या मदतीने उभारलेले, १९९५ पासून चालू असलेले इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयही आहे. दोन्हींचे क्रमांक मी आधीच कागदावर लिहून ठेवले होते. रुग्णाला मायदेशी हलवण्याचा खर्च देणारा प्रवासविमाही काढून घेतला होता, जुने आजार न लपवता. लपवलेल्या आजाराचा दावा मिळत नाही.

पण जवळचे बेट म्हणजे बोट, आणि बोटीचा धोका वेगळा. लाटेवरून उसळून ती आदळते तेव्हा बसलेल्या माणसाच्या कण्यावर सरळ उभा दणका बसतो. ठिसूळ हाडांच्या वृद्ध स्त्रियांमध्ये अशा एकाच दणक्याने मणका चेपल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. काकूंचे मनगट आधी एकदा मोडलेले. मी त्यांना बोटीच्या पुढच्या, देखाव्याच्या जागेवरून उठवून मागे नेले, कारण मागचा भाग कमी उसळतो. खाली दोन उशा घातल्या आणि चालकाला वेग कमी ठेवायला सांगितले. पस्तीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. एक पाहुणा रुसला. रुसू दे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

मुलाने पाण्यावरची घरे घेतली होती. लाकडी खांबांवर समुद्रात उभी असलेली, पुढे मोकळा सज्जा आणि सज्ज्यातून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. मी पोहोचताच डॉक्टरी नजरेने घर तपासले. न्हाणीघरात घसरू नये म्हणून रबरी चटई मागवली, पलंगाची उंची पाहिली, रात्रीचा दिवा लावला, ओल्या खारट फळ्यांवर रबरी तळव्यांच्याच चपला घालायच्या असे बजावले. सज्ज्याकडे उघडणारे काचेचे सरकते दार मी पाहिले आणि "वा, काय दृश्य आहे" असे म्हणालो. त्या दाराची कडी एका बोटाने उघडत होती. सज्ज्याला कठडा अर्ध्याच भागात होता. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला संध्याकाळनंतर, आणि विशेषतः परक्या जागेत, गोंधळ वाढतो, ते उठून कामाला निघतात, हे मी नातेवाइकांना शंभरदा सांगितलेले आहे. त्या दिवशी मला ते आठवले नाही.

मावशींना आठवले. त्यांना कडीवर भरवसा नव्हता. झोपण्यापूर्वी त्यांनी घरून आणलेला स्टीलचा पेला, त्यात दोन चमचे घालून, त्या सरकत्या दाराच्या कडेला टेकवून ठेवला. पहाटे तीनच्या सुमारास तो खणखणत पडला. मावशी बाहेर धावल्या तेव्हा काकू पायऱ्यांच्या सर्वांत खालच्या फळीवर उभ्या होत्या, घोट्यापर्यंत पाण्यात, साडीचा ओचा वर धरून. शेजारच्या घरातून मी पोहोचलो तोवर मावशींनी त्यांना मागून कमरेला धरले होते, पण ओढले नव्हते. त्या बोलत होत्या. "कुठं निघालात?" "भोसरीला. माणसं जेवायची राहिलीत." "भाकरी झाल्या का?" "नाही." "मग आधी भाकरी करू, मग जाऊ." काकूंना हे पटले. त्या स्वतः वळल्या आणि एकेक पायरी चढून आत आल्या.

मावशींना पोहता येत नाही. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले.

त्या पहाटे आप्पा पलंगावर बसून होते. त्यांना धाप लागली होती, ऑक्सिजन ८७. औषधाने आणि थोड्या वेळाने तो वर आला. ते मला एवढेच म्हणाले, "माझ्या हौसेपायी ही गेली असती." मी डॉक्टर म्हणून काही समजुतीचे बोलायला हवे होते. पण चूक माझी होती, आणि मी तसे सांगितले.

सकाळी आम्ही घर बदलले. बेटाच्या मध्यभागी, झाडीत, वाळूवर उभे असलेले साधे घर घेतले. समुद्र तिथून दिसत नव्हता, ऐकू येत होता. रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या: पहिली मुलाची, मधली माझी, आणि मावशींना पूर्ण झोप. चोवीस तासांची माणसे चोवीस तास जागी राहू शकत नाहीत. हे घरीही कोणी ध्यानात घेत नाही.

पुढचे चार दिवस शांततेत गेले, त्यांचा तपशील थोडक्यात. तिसऱ्या दिवशी आप्पांना उठताना चक्कर आली. उभे असताना रक्तदाब ९८ वर ६०. घाम फार, जेवण कमी, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चाकणच्या कोरड्या हवेच्या हिशेबाच्या. एक गोळी कमी केली, क्षारसंजीवनी दिली, दुपारी अकरा ते चार बाहेर पडणे बंद केले. काकूंच्या तळव्यांची संवेदना कमी असल्याने वाळूवर अनवाणी चालायला मनाई होती. येथली वाळू मऊ दिसते, पण तीत प्रवाळाचे धारदार तुकडे असतात. मावशी रोज रात्री विजेरीने त्यांचे तळवे पाहत. आणखी एक सूचना: झोपेच्या आणि काही तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत मालदीवचे कायदे कडक आहेत. मूळ वेष्टन आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी.

चौथ्या दिवशी आम्ही जवळच्या एका वस्तीच्या बेटावर गेलो. रिसॉर्टच्या बेटांवर फक्त पाहुणे आणि नोकर असतात. माणसांची घरे, शाळा, मशीद पाहायची तर अशा बेटावर जावे लागते. प्रवाळी दगडाच्या भिंतींमधून जाणारी वाळूची गल्ली होती. एका अंगणात झाडाला लाकडी फळीचा झोपाळा टांगलेला. त्याला तेथे 'उंधोली' म्हणतात, ऐकताच आपला हिंदोळा आठवावा असा शब्द. काकू कोणाला न विचारता जाऊन त्यावर बसल्या. घरची म्हातारी बाहेर आली, तिने काकूंकडे पाहिले आणि तीही शेजारी बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दिवेही ही मात्र मराठीसारखीच संस्कृताच्या कुळातली. म्हातारीने आतून रोशी आणल्या, म्हणजे आपल्या पोळ्यांचीच बहीण, आणि त्या काकूंच्या पुढ्यात मोजून ठेवल्या: एके, दे, तिने, हतरे. काकूंनी कान टवकारले. मग त्यांनी स्वतः मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, चार. म्हातारी हसली आणि पुढे म्हणाली, फहे. काकू म्हणाल्या, पाच. दोघी दहापर्यंत गेल्या आणि पुन्हा एकपासून सुरू झाल्या. वॉशर मोजणाऱ्या बाईचे मोजणे शेवटपर्यंत शाबूत राहिले होते. तेथे आम्ही जवळपास तासभर होतो. आप्पा भिंतीच्या सावलीत बसून पाहत होते. त्या तासात मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला नाही.

निळे पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड हे काकूंनी पाहिले की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी झोपाळा पाहिला.

परतीचा प्रवास तसाच झाला: बोट संथ, विमान खालून, आप्पा ९२ वर. लोहगावहून चाकणला यायला दोन तास लागले.

तीन आठवड्यांनी दोघे दवाखान्यात आले. वजन, रक्तदाब, साखर, तळवे सारे पाहिले. मी काकूंना सहज विचारले, "कुठं जाऊन आलात?"

"आळंदीला," काकू म्हणाल्या. "गर्दी नव्हती."

मी आप्पांकडे पाहिले. ते काकूंची चप्पल सरळ करीत होते. "हो," ते म्हणाले, "अजिबात नव्हती."

मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सांगितले की स्टीलचा पेला आता चाकणच्या घरीही रोज रात्री मागच्या दाराला लावतात.